'पोच'चे दोन शेवट

फुमिए-सान,

तुम्ही गेल्यावर तुमच्याबद्दल जे जे छापून आलं ते सगळं मी वाचलं. टोकियोच्या पेपरांनी तुमची बक्षिसं नीट दिली आहेत, फोटो मात्र तुम्हाला मुळीच न आवडणारा छापलाय. इथे इंग्लंडमधल्या एका पेपरानं तुम्हाला 'शांत, एकांतप्रिय विज्ञानकथाकार' म्हटलं आहे. शांत म्हणे. शेजारच्या पॅटला तिच्या वाढलेल्या कुंपणावरून दर उन्हाळ्यात सुनावणारी, कचऱ्याच्या डब्यांबद्दल कौन्सिलला पानंच्या पानं लिहिणारी, माझ्या प्रत्येक लंगड्या वाक्याला टेबलावर बोट आपटणारी बाई शांत होती, हे केंब्रिजमध्ये कोणाला पटणार नाही.

तुमचा जन्म, शिक्षण, पुरस्कार हे त्या लोकांनी लिहिलंच आहे. माझं तुमच्याशी भांडण अर्धं राहिलंय, मला ते पुरं करायचंय. तुमच्या शेवटच्या कादंबरीचा, 'पोच'चा, मराठी अनुवाद छपाईला निघालाय. शुक्रवारी पुण्याला शेवटची प्रुफं परत जायची आहेत आणि पुस्तकाला शेवट दोन आहेत. एक तुम्ही आधी लिहिलेला, जपानीत छापून आलेला. दुसरा माझ्या कटकटीमुळे नंतर लिहिलेला, फक्त मराठीसाठी. मराठीत कुठला छापायचा ते ठरवायला आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

आपली ओळखच मुळी हुज्जतीतून झाली. मी तेव्हा बेसिंगस्टोकच्या एका बिझनेस पार्कमध्ये जपानी यंत्रांची मॅन्युअल्स इंग्रजीत करत होते. पुण्यात जपानी शिकलेल्या आम्हा लोकांना जगात कुठेही गेलं तरी हे काम मिळतंच. केंब्रिजच्या एका पुस्तकाच्या दुकानात तुमच्या 'मीटरवाचक'च्या इंग्रजी अनुवादाचं वाचन होतं. मोजकेच लोक आले होते, त्यातले काही तर पाऊस चुकवायला आत शिरलेले. मी ती कादंबरी मूळ जपानीत वाचली होती आणि ती डोक्यातून जात नव्हती. एका शहरातले पाण्याचे मीटर एकमेकांशी बोलायला लागतात आणि कुठल्या घरात कोण एकटं पडलंय, कोण रात्रभर उठतंय, हे त्यांना पाण्याच्या वापरावरून कळतं. एवढंच तुम्ही कल्पिलं होतंत, आणि तेवढ्यावर मला आठवडाभर आमच्या घरातला नळ सोडताना कसंतरी वाटत होतं.

लोकांनी तुम्हाला एआयबद्दल विचारलं, मानवजातीच्या भविष्याबद्दल विचारलं. मी विचारलं की चौथ्या प्रकरणातला व्हॉल्व्ह उलट्या बाजूनं उघडतो, ते मुद्दाम आहे का. तुम्ही मला रोखून बघितलंत. लेखिका होण्याआधी तुम्ही मीटरच्याच कारखान्यात कामाला होतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

"तुम्ही इंजिनियर?"

"नाही, मी मॅन्युअल्सचं भाषांतर करते."

"म्हणजे जी वाक्यं कोणी आवडीनं वाचत नाही ती तुम्हाला लिहिता येतात," तुम्ही म्हणालात. "चहाला या."

चहाला आले आणि निघेपर्यंत 'मीटरवाचक' मराठीत करायचं ठरून गेलं. इंग्रजीवरून नको, जपानीवरूनच कर, ही तुमची एकच अट आहे असं मी धरून चालले. दुसरी अट पहिलं प्रकरण झाल्यावर कळली. ते घेऊन मी तुमच्याकडे यायचं आणि तुम्हाला मराठीत मोठ्यानं वाचून दाखवायचं. तुम्हाला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. घरी सांगितलं तेव्हा मिलिंद, माझा नवरा, हसत सुटला.

"अगं मग मला वाचून दाखव ना. मला निदान कळेल तरी. त्यासाठी लंडनला वॉटर्लूला गाडी बदल, किंग्ज क्रॉसला जा, कशाला एवढा खटाटोप?"

आमची मुलगी ईरा तेव्हा शाळेत होती. परत आल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, "तुझा फ्रेंड झोपली का मध्येच?"

झोपता कसल्या. तुम्ही आधी तुमचा जपानी परिच्छेद वाचायचात आणि मग मी माझा. डोळे मिटलेले, हात टेबलावर. मी मराठी वाचत असताना मध्येच तुमचं बोट आपटायचं.

"इथे कोणीतरी आत आलं," तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात. "माझ्या खोलीत तीन माणसं आहेत. हे चौथं कोण बोलतंय?"

मी बघितलं तर खरंच होतं. जपानी घरातलं पांघरूण लावलेलं गरम टेबल मराठी वाचकाला कळावं म्हणून मी तिथे दोन वाक्यं स्वतःची घातली होती. भाषा न कळणाऱ्या बाईनं ती कानानं पकडली.

"वाचकाला समजायला नको का?" मी म्हणाले.

"त्याला उभं राहू दे दारात. थंडी वाजली की येईल आपणहून आत."

दोन वाक्यं काढली. पुढे पुण्यातल्या एका समीक्षकांनी लिहिलं की अनुवादिकेनं वाचकावर विश्वास ठेवला आहे. ते वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही इतक्या समाधानानं चहा ओतलात की मी गप्प बसले. श्रेय कोणाचं हे आपल्या दोघींनाही माहीत होतं.

मग 'धुण्याचा दिवस' आली. तीन खंडांची, तुमची सगळ्यात मोठी आणि माझ्या मते सगळ्यात थोर कादंबरी. पिढ्यानपिढ्या चालणारं अवकाशयान आणि त्याची गोष्ट सांगणारी कोण, तर यानातलं धुलाईघर सांभाळणारी बाई. कप्तान पुस्तकात दिसतच नाही, फक्त त्याच्या शर्टाच्या कॉलरी दिसतात. कोण झोपत नाही, कोण कोणाकडे राहतंय, बंड कधी होणार, सगळं तिला कपड्यांवरून कळतं. जपानमधल्या काही मंडळींनी याला 'स्वयंपाकघरातलं सायन्स फिक्शन' म्हणून नाक मुरडलं होतं. तुम्ही ते शब्द छापलेलं कात्रण इस्त्रीच्या टेबलावर चिकटवलंत. त्याच टेबलावर तुम्ही लिहायचात, उभ्यानं, उंची आपल्याला हवी तशी करून. खुर्चीत बसलं की माणूस मोठं काहीतरी लिहायला जातो, असं तुमचं म्हणणं.

त्याच कादंबरीनं माझी फजिती केली. यानातल्या लोकांच्या जेवणात अझुकी शिजते, म्हणजे जपानी बारीक लाल कडधान्य. मी बिनधास्त राजमा लिहून मोकळी झाले. लाल चवळी म्हणायला हवं होतं, पण राजमा म्हटलं की मराठी वाचकाला कसं पोट भरल्यासारखं वाटतं. पहिला खंड मराठीत निघाल्यावर सांगलीहून भौतिकशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापिकांची ईमेल आली. यानातल्या हवेचा दाब तुम्हीच दुसऱ्या प्रकरणात दिलेला आहे, त्यांनी लिहिलं होतं, आणि त्या दाबाला पाणी इतक्या कमी तापमानाला उकळेल की राजमा जन्मात शिजायचा नाही. यानात प्रेशर कुकर आहे की नाही ते कृपया कळवावे.

मी खजील होऊन तुम्हाला ती ईमेल सांगितली आणि चूक माझी आहे, मूळ पुस्तकाची नाही, हेही सांगितलं. तुम्ही हसलात, मग एकदम हसायच्या थांबलात. कागद ओढून आकडेमोड केलीत.

"अझुकीसुद्धा शिजणार नाही," तुम्ही म्हणालात. "इतकी वर्षं जपानमध्ये कोणाच्या लक्षात आलं नाही. सांगली कुठे आहे?"

तिसरा खंड तुम्ही तेव्हा लिहीत होतात. त्यात यानावर कुकर आला, आणि मी तुम्हाला वर्णन करून सांगितलेली शिट्टीसुद्धा आली. तुमच्याकडच्या कुकरना शिट्ट्या नसतात. जपानी वाचक कोड्यात पडले की अवकाशात हे काय वाजतंय. कुठल्या परक्या संस्कृतीचा हा संकेत असावा, यावर एकानं लेखही लिहिला. सांगलीच्या बाईंना तुम्ही तिसरा खंड सही करून पाठवलात.

हे मी सगळ्यांना सांगत सुटते, कारण तुमचं मोठेपण मला इथे दिसतं. चूक दाखवणारा माणूस भेटला की तुम्हाला आनंद व्हायचा. स्वतःच्या कल्पनेवर एवढी मजबूत पकड असलेली आणि तिच्याबद्दल इतकी निर्धास्त असलेली दुसरी व्यक्ती मी पाहिलेली नाही. तुमच्या भविष्यकाळात डबे वेळेवर उचलले जात नाहीत, शाळेचं जेवण कोणाला आवडत नाही, मोठमोठ्या यंत्रांच्या पाठीमागे कोणीतरी फडकं घेऊन उभं असतं. म्हणून तो खरा वाटतो. मी लहानपणापासून वाचलेल्या विज्ञानकथांमध्ये माणसं जग वाचवायला निघालेली असायची. तुमची माणसं कामाची पाळी संपली की घरी जातात.

घरी जाण्यावरूनच तर आपलं बिनसलं.

'पोच'मधली ताए दूरच्या एका केंद्रावर काम करते. तिची जुनी सहकारी एकटीच यानातून इतक्या लांब गेली आहे की तिचे निरोप यायला वर्षं लागतात. ताएचं काम एकच, प्रत्येक निरोपाची पोच पाठवणं. मग निरोप यायचे थांबतात. ताए पोच पाठवतच राहते, स्वतःच्या घरच्या चार गोष्टी घालून. आंब्याला मोहोर आलाय म्हणावं तसं, तुमच्याकडचं काहीतरी. शेवटी केंद्र बंद करायचा हुकूम येतो. पहिल्या शेवटात ती शेवटची पोच पाठवते, खोली झाडते, किटली पुढच्या माणसासाठी घासून ठेवते आणि बसमध्ये बसते. ड्रायव्हर विचारतो, आज लवकर? ती म्हणते, हो, आज लवकर. संपलं.

मी हे प्रकरण जपानीत वाचून तुम्हाला तिथल्या तिथे फोन केला होता.

"वाचकाला एवढं चालवत आणलंत आणि दार उघडायला कोणीच नाही?"

"दार आहे कुठे?" तुम्ही म्हणालात.

"निदान एक खूण द्या. तिकडून काहीतरी येऊ दे."

"आलं तर गोष्ट पोस्टाची होते. पोचलं की नाही हे न कळता ती पाठवत राहिली, म्हणून ती ताएची आहे."

हे दोन वर्षं चाललं. मी अनुवाद करत होते आणि दर प्रकरणाला उकरून काढत होते. लंडनमध्ये वेम्बलीला वाकडी वाट करून ईलिंग रोडवरच्या भारतीय दुकानांतून तुमच्यासाठी अळकुड्या आणायचे. त्या उकडून, सोलून तुम्ही सोया सॉसमध्ये शिजवायचात, तुमच्या आईच्या पद्धतीनं. भाजी तोंडात असतानासुद्धा मी ताएबद्दल बोलायचे. मला तेव्हा वाटायचं मी पुस्तकासाठी भांडतेय. तुमचं दुखणं कळलं होतं आणि उत्तर न येणारा शेवट मला सहन होत नव्हता, एवढीच गोष्ट होती. तुम्हाला ते पहिल्या दिवसापासून समजलं असणार.

या वर्षी पाडव्याच्या सुमारास तुम्ही काही पानं माझ्या हातात दिलीत. दुसरा शेवट. ताए झाडू ठेवते, दिवा मालवते, आणि वळणार तेवढ्यात निरोप उमटायच्या कागदी पट्टीवर अगदी अंधुक एक खूण उमटते. तिकडून पोच आलेली असते. मी तुमच्या स्वयंपाकघरातच ती पानं वाचली आणि रडले. तुम्ही अळकुड्या सोलत राहिलात.

"बरं वाटलं?" तुम्ही विचारलंत.

"खूप."

"मग ठेव."

मग हॉस्पिटल. मी शेवटची भेटायला आले तेव्हा तुमचा आवाज अगदी बारीक झाला होता. तुम्ही म्हणालात, "तुझं बरोबर होतं. मराठीत दुसरा शेवट घाल." एवढ्या वर्षांत तुम्ही माझ्यापुढे हार मानलेली मी एकदाही पाहिली नव्हती. परतीच्या ट्रेनमधून मिलिंदला फोन केला, जिंकले म्हणाले, आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुण्याला कळवून टाकलं की शेवट बदलायचाय.

तुमच्या अंत्यविधीला आम्ही तिघंही आलो होतो. ओसाकाहून तुमचा भाचा स्क्रीनवर होता. पॅट पुढच्या रांगेत बसून म्हणाली की कुंपण तिनं कालच कापून घेतलंय. मी तिचा हात धरून ठेवला.

आणि मग प्रुफं आली. चुका काढायला बसले, सगळं पुस्तक वाचलं आणि दुसऱ्या शेवटाशी आले. तो सुंदर आहे, फुमिए-सान. एक शब्द कमीजास्त नाही. पण वाचताना मी कुठेच अडले नाही. तुमच्या लिहिण्यात मी नेहमी कुठेतरी अडते, मागे जाते, चिडते. इथे मला जे हवं होतं ते ताटात वाढून ठेवलेलं होतं.

तुम्हाला जाऊन महिनाही झाला नाही. या दिवसांत मी तुम्हाला सतत काही ना काही सांगत असते. ऑफिसमध्ये एका मॅन्युअलमध्ये केवढी भयंकर चूक सापडली ते, ईलिंग रोडवर अळकुड्या मिळाल्या नाहीत ते. उत्तर येत नाही आणि माझं सांगणंही थांबत नाही. ताए त्या खोलीत वेडी होत चालली आहे असं मी तुम्हाला म्हटलं होतं. वेडी नव्हती ती. तिचं जसं रोज चालायचं तसं चाललं होतं.

ईरा युनिव्हर्सिटीतून वीकेंडला घरी आली होती. मी टेबलावर दोन्ही शेवट पसरून बसले होते. तिला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून मी दोन्ही वाचून दाखवले.

"सेकंड वन इज लव्हली," ती म्हणाली. "पण आई, तिनं हे बुकसाठी लिहिला नाही ना? तुझ्यासाठी लिहिला. इट्स अ प्रेझेंट."

"त्या स्वतः म्हणाल्या की छाप."

"ऑफ कोर्स म्हणाल्या. ती आजारी होती आणि तू अपसेट होतीस. प्रेझेंट देताना माणूस सांगत नाही की ते प्रेझेंट आहे."

मिलिंद चहा करत होता. तो म्हणाला, "पोरगी बरोबर बोलतेय हं." मी दुसऱ्या शेवटाची पानं गोळा करून बाजूला ठेवली.

तुम्ही मला जिंकू दिलंत. ते मला इतकं उशिरा कळावं, याचा राग येतो आणि तुमच्याबद्दल इतकं प्रेम दाटून येतं की दोन्ही एकदम आवरत नाहीत. आयुष्यभर एक ओळ कोणासाठी हलवली नाहीत, समीक्षकांसाठी नाही, संपादकांसाठी नाही. माझ्यासाठी ताएला थांबवलंत आणि उत्तर आणवलंत. एवढं मला कोणी दिलेलं नाही.

आज दुपारी पुण्याला फोन केला. पहिला शेवट ठेवा म्हणाले, जपानीत आहे तसाच, बसपर्यंत. संपादक गोंधळल्या.

"पण बाईंनी स्वतः बदलायला सांगितलं होतं ना? तुम्हीच कळवलं होतंत."

"सांगितलं होतं. मी ऐकत नाहीये त्यांचं."

"बघा हं," त्या सवयीनं हसून म्हणाल्या, "वाद होईल पुन्हा."

"कोणाशी?" मी विचारलं.

त्या हलक्या आवाजात म्हणाल्या की पहिला शेवट घेते.

तेव्हा फुमिए-सान, पुस्तकात तिकडून काही येणार नाही. ताए खोली झाडेल आणि लवकर घरी जाईल, तुम्ही पाठवलंत तशी. मराठी वाचक चिडतील, कदाचित सांगलीहून ईमेलही येईल. उत्तर येतं ती पानं माझ्याकडे आहेत, आणि ती मी कोणाला वाचायला देणार नाही.